भिंतीला ओल कुठून येते?

मंडळाच्या मागच्या वर्षीच्या एकांकिकेनंतर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न अभिनयाबद्दल नव्हता, की संहितेबद्दलही नव्हता. "ती भिंत खरी होती का गं?" असं लोक विचारत होते. एक आजोबा तर प्रयोग संपल्यावर रंगमंचावर चढले आणि त्यांनी बोटाने पापुद्रा खरवडून बघितला. भिंत म्हणजे लाकडी रिपांवर ताणलेलं मांजरपाट, त्यावर डिस्टेंपर, आणि ते जुनं दिसावं म्हणून वापरलेल्या तीन स्प्रे बाटल्या. न्हाव्याच्या दुकानात असतात ना, तसल्या.

यंदा नेपथ्याची जबाबदारी घेणाऱ्या ज्युनिअर मंडळींनी "ते कसं केलंत ते लिहून द्या" असं सांगितलं, म्हणून हा लेख. पण नुसती कृती लिहून दिली तर तुमची भिंत आमच्या पहिल्या भिंतीसारखी होईल. ती कशी झाली होती, तिथूनच सुरुवात करते.

गोवर आलेली भिंत

एकांकिका होती जुन्या घराच्या वाटणीची. दोन भाऊ, एक वहिनी, बंद पडलेलं घर. पाच फ्लॅट्स ठरले. तीन आतल्या खोलीच्या भिंतीचे, दोन बाहेरच्या ओसरीचे. प्रत्येक फ्लॅट चार फूट बाय आठ फूट. आम्ही पिवळसर पांढरा रंग दिला, बाटलीत तपकिरी पाणी भरलं आणि उत्साहाने सगळीकडे फुसफुस केलं. वरती थोडं, खाली थोडं, मध्ये थोडं. रिकामी जागा दिसली की तिथे एक फवारा.

वाळल्यावर पाहिलं तर भिंत जुनी नाही, आजारी दिसत होती. गोवर आलेल्या मुलासारखी. सगळीकडे सारखेच ठिपके.

फ्लॅटच्या चौकटी ठोकून देणारे मेस्त तिथेच हत्यारं आवरत होते. त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "बाय, हें उदक खंयच्यान येता?"

मी म्हटलं, "कुठून म्हणजे? भिंत जुनी आहे."

"जुनी आसली म्हूण किदें जालें? उदक खंयच्यान तरी येवंक जाय न्हय?"

पाणी कुठून तरी यायला हवं. एवढं बोलून ते गेले, आणि प्रयोग नऊ दिवसांवर असताना आम्ही पाचही फ्लॅट्स पुन्हा पांढरे केले. या लेखात सांगण्यासारखं जे आहे ते त्या प्रश्नातच आहे. भिंत वयाने डागाळत नाही. पाणी, हात, धूर, ऊन, माती यांनी डागाळते. प्रत्येक डागाला येण्याची वाट असते. ती वाट आधी ठरवायची, बाटली नंतर उचलायची.

भिंती वाचायला शिकणं

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं-चौघं मोबाईल घेऊन जुन्या घरांच्या भिंती बघत फिरलो. गोव्यात याला तोटा नाही. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, जांभ्या दगडाच्या म्हणजे चिऱ्यांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा आणि उतरत्या कौलांचं छप्पर. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो. त्यामुळे ओलीचे जेवढे म्हणून प्रकार आहेत ते सगळे एका गल्लीत बघायला मिळतात.

वरून येणारी ओल ओघळत येते. फुटलेल्या कौलाखाली किंवा भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तिथे ती सुरू होते, वरती गडद असते आणि खाली येताना निमुळती होत फिकट होते. खिडकीखालची ओल बहुतेक वेळा खिडकीच्या दोन खालच्या कोपऱ्यांतून निघते, मिशांसारखी. खिळ्याखाली गंजाची एकच बारीक तांबडी रेघ असते.

खालून येणारी ओल वेगळी. जमिनीतलं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं, वात तेल ओढते तसं. ते गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत चढतं आणि तिथे भिंतीवर आडवी, नागमोडी रेघ तयार होते. रेघेच्या आसपास पांढरी भुकटी फुलते, तिला लोणा म्हणतात. पाणी येताना दगडातले आणि मातीतले क्षार विरघळवून आणतं, हवेत उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. या क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले की गिलावा फुगतो, पोपडे पडतात. म्हणजे पोपडे कुठेही पडत नाहीत, ते बहुधा या रेघेच्या आसपास पडतात. आम्ही मात्र ते दाराच्या वर पाडले होते!

बाहेरच्या भिंतीला आणखी एक खूण असते. कौलांवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारेने तांबडी माती उडते आणि भिंतीच्या तळाशी फूट-दीड फूट लाल शिंतोडे बसतात. खाली दाट, वर विरळ. जिथे ओसरीचा कट्टा आहे तिथे ते नसतात, कारण माती तिथवर पोचतच नाही.

शेवाळाचं तर ऋतूप्रमाणे बदलतं. जुलैत ते हिरवंगार असतं, मे महिन्यात तेच काळं, सुकं, कोळशाच्या भुकटीसारखं. आमची एकांकिका घडत होती मे महिन्यात आणि आम्ही भिंतीवर पोपटी हिरवा मारला होता. संहितेत महिना लिहिलेला होता, नेपथ्य करणाऱ्यांनी कोणी तो वाचलाच नव्हता.

लिओनार्दो दा विंची चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून बघायला सांगत असे. त्या डागांत त्याला डोंगर, नद्या, लढाया दिसायच्या. नेपथ्याचं काम मला नेमकं उलटं वाटतं. डागात जे नाही ते बघायचं नाही, जे खरोखर घडून गेलंय तेच बघायचं.

थोडं मागे जाऊन

मराठी रंगभूमीला रंगवलेली खोटी जागा नवी नाही. संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, बाग, रस्ता सगळं पडद्यांवर रंगवलेलं असे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे त्या पडद्यांसाठीच आधी नावाजले, चित्रपट नंतर आला. पुढे वास्तववादी नाटकं आली तसा लोंबणारा पडदा मागे पडला आणि दारं-खिडक्यांची खोली उभी राहू लागली. या वळणासाठी १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'चं नाव नेहमी घेतलं जातं. खोली आली म्हणजे भिंत आली, आणि भिंत आली म्हणजे ती नवी की जुनी हा प्रश्न आलाच.

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण पणजीचं. चार्ल्स कोरियांनी कला अकादमी बांधली तेव्हा नाट्यगृहाच्या भिंतींवर जुन्या थिएटरचे सज्जे रंगवून घेतले, आणि त्या सज्ज्यांत मारियो मिरांडांच्या रेषेतली गोंयकार मंडळी बसवली. प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले प्रेक्षक! त्यात फसवणूक नव्हती, गंमत होती. भिंत खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त ती स्वतःशी प्रामाणिक असावी लागते.

सामान आणि मिश्रणं

आता बाटल्यांकडे येऊ. आमच्या गटात एक मित्र होता, दर नाताळात त्याच्या वाड्यावरचा गोठा तोच करतो. चुरगाळलेला तपकिरी कागद, त्यावर रंगाचे फवारे, आणि गुहेचे खडक तयार. बाटल्यांची युक्ती त्याचीच. तीन बाटल्या लागतात.

पहिली, बारीक तुषार उडवणारी, न्हाव्याची किंवा इस्त्रीवाल्याची. दुसरी, चापाची, जिची तोटी फिरवून फवारा जाड-बारीक करता येतो. काच पुसायच्या द्रवाची रिकामी बाटली चालते, पण तीन-चार वेळा धुऊन घ्या. तिसऱ्या बाटलीत नुसतं साधं पाणी. नवखे लोक हिला विसरतात, आणि खरं काम हीच करते.

एक गोष्ट निक्षून सांगते. घरी सुपारीवर बोर्डो मिश्रण मारायचा पंप असेल तर तो आणू नका. कितीही धुतला तरी मोरचूद आणि इतर औषधं त्यात राहतात, आणि आपण बंद हॉलमध्ये श्वास घेत असतो.

रंगासाठी साधं डिस्टेंपर आणि स्टेनरच्या छोट्या बाटल्या पुरतात. पिवळा, तांबडा, काळा आणि थोडा हिरवा. मिश्रणं दोनच. पातळ रंग म्हणजे १ भाग डिस्टेंपरला ३ ते ४ भाग पाणी. डागाचं पाणी म्हणजे अर्धा लिटर पाण्यात स्टेनरचे ८-१० थेंब आणि दोन चमचे फेविकॉल. दोन्ही मिश्रणं जुन्या ओढणीतून गाळून घ्या, नाहीतर तोटी पाच मिनिटांत तुंबते आणि मग ती एकदम गुठळ्या थुंकते.

फेविकॉल कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या रंगीत तालमीला धाकट्या भावाचं काम करणारा आमचा मित्र पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून बसला. उठला तेव्हा पाठीवर ओलीचा सुंदर नकाशा. स्टेनरला स्वतःची फारशी पकड नसते. चिकट काही मिसळलं नाही तर तो भिंतीवर नुसता पावडरसारखा बसून राहतो.

कृती

फ्लॅटला आधी खळ द्या. एक वाटी फेविकॉलला आठ-दहा वाट्या पाणी, ते मांजरपाटावर ब्रशने. कापड वाळताना ताठ होतं आणि रंग पिऊन टाकत नाही. मग गिलाव्याचा खडबडीतपणा. घट्ट डिस्टेंपरमध्ये चाळलेला भुसा आणि फेविकॉल घालून थापीने किंवा जुन्या पुठ्ठ्याने पसरा, पण सगळीकडे नको. जिथे पोपडे गेलेत असं दाखवायचंय ती जागा मोकळी सोडा, कडा उंच राहू द्या. मोकळ्या जागेत जांभ्याचा तांबडा रंग भरला की आतला चिरा दिसतोय असं वाटतं.

त्यानंतर रंगाचे हात, आणि इथे क्रम उलटा असतो. घराचा सगळ्यात जुना रंग सगळ्यात आधी. आमच्या गोष्टीतल्या घराला आधी निळसर चुना होता, मग पिवळा, शेवटी पांढरट. तसेच तीन हात दिले. तिसरा हात अर्धवट वाळला, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांनी, की साध्या पाण्याचा फवारा मारायचा, एक मिनिट थांबायचं आणि ओल्या फडक्याने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. वरचा थर तुकड्या-तुकड्यांत निघतो आणि खालचा पिवळा डोकावतो. डिस्टेंपर पूर्ण वाळलं की पाण्याला सहज दाद देत नाही, त्यामुळे वेळ चुकवू नका. एका वेळी एकच फ्लॅट घ्या.

आता ओल. वरून येणारी ओल करायची असेल तर फ्लॅट उभाच हवा. वरच्या कडेला डागाचं पाणी जवळून, अर्ध्या फुटावरून मारा, आणि लगेच त्यावर साधं पाणी. ओघळ आपोआप खाली येतील. ब्रशने ओघळ काढायचा मोह होतो, पण माणसाच्या हाताने काढलेला ओघळ लगेच कळतो. पाण्याला वाट दाखवा आणि बाजूला व्हा. ओघळ नको तिथे जायला लागला तर फडक्याने खालून अडवा.

खालून चढणारी ओल करायची तर उलट, फ्लॅट आडवा जमिनीवर. खालच्या दोन-अडीच फुटांत डागाचं पाणी भरपूर मारा, थारोळं होऊ द्या, आणि पंखा न लावता रात्रभर सोडा. सकाळी थारोळ्याच्या कडेला गडद रेघ तयार झालेली असते, अगदी खऱ्या भिंतीसारखी. हे का होतं? टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग आठवा, कडेला गडद, मध्ये फिकट. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्याचं कारण मांडलं. थेंबाची कड जागेवर चिकटून असते, तिथलं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना कण घेऊन येतं. खऱ्या भिंतीतही पाणी जिथे उडून जातं तिथे क्षार साठतात. म्हणून ही एक गोष्ट आम्ही रंगवली नाही, होऊ दिली. वाळल्यावर रेघेवर थोडं पांढरं डिस्टेंपर सुक्या ब्रशने टेकवलं की लोणा झाला.

लाल शिंतोड्यांसाठी बाटली जमिनीजवळ धरून खालून वर मारा, तोटी जाड ठेवा. गेरू वापरलात तर दोनदा गाळा. शेवाळासाठी काळ्यात अगदी थोडा हिरवा, दोन फुटांवरून बारीक तुषार, आणि फक्त ओल आहे तिथेच.

हाताचे डाग मात्र बाटलीने होत नाहीत. दाराच्या चौकटीजवळ, स्विचच्या भोवती, खुर्चीत बसणाऱ्याचं डोकं टेकतं तिथे मळ घासून बसलेला असतो. तो फडक्यानेच घासून करायचा.

बाटली चालवण्याचं तंत्र थोडक्यात असं. पहिला फवारा नेहमी जाड थेंबांचा येतो, तो वर्तमानपत्रावर मारा. हात चालू झाल्यावर चाप दाबा आणि थांबण्याआधी सोडा, नाहीतर जिथे थांबाल तिथे गोळा होतो. दर मिनिटाला बाटली हलवा, रंग तळाशी बसतो. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, खिडक्या उघड्या. बाटल्यांवर आत काय आहे ते लिहा. आमची एक बाटली माळीकाकांनी पाण्याची समजून जास्वंदीवर मारली होती. झाड जगलं, पण आम्ही आठवडाभर त्यांच्या समोर गेलो नाही.

आणि दर अर्ध्या तासाने लांब जाऊन बघा, किमान दहाव्या रांगेपर्यंत. जवळून जे भडक वाटतं ते तिथून जेमतेम दिसतं. शिवाय लाईट्स लावून बघा. पिवळ्या प्रकाशात पिवळे डाग नाहीसे होतात आणि निळ्या प्रकाशात तांबडे डाग काळे पडतात. आमच्या शेवटच्या प्रवेशाला निळा प्रकाश होता, त्यात जांभा कोळसा झाला. मग त्या जागी तांबडा थोडा उजळ केला.

रिकामा चौकोन

या सगळ्यात सगळ्यात सोपी होती ती एक खूण, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिली तीच. संहितेत मोठा भाऊ वडिलांचा फोटो आधीच घेऊन गेलेला आहे. धाकटा घर उघडतो तेव्हा फोटो नाही. हे सांगायला लेखकाने चार वाक्यं घातली होती.

आम्ही फोटोच्या मापाचा पुठ्ठा भिंतीवर टाचला आणि त्याच्याभोवती लांबून, दोन फुटांवरून, धुराचा आणि धुळीचा करडा तुषार तीन वेळा मारला. पुठ्ठा काढला तर मागे स्वच्छ चौकोन, भिंतीचा मूळ रंग. वर एक खिळा. उदबत्तीचा धूर वर जातो म्हणून चौकोनाच्या वरची बाजू जरा जास्त काळी केली.

तालमीत धाकटा भाऊ आत आला, चौकोनासमोर थांबला आणि पुढची चार वाक्यं बोललाच नाही. आम्हाला वाटलं विसरला. दिग्दर्शिका म्हणाली, "विसरला नाही, आता त्यांची गरज नाही." वाक्यं गेली. मंडळात आपण शब्दांवर प्रेम करणारी माणसं, चार वाक्यं कापली जाणं सोपं नसतं. पण ती भिंत बोलत होती.

घरची भिंत

खरं तर लेख इथे संपायला हवा, पण मेस्तांचा प्रश्न माझ्या मागे घरापर्यंत आला.

बार्देशात आमचं जुनं घर आहे. तिथल्या चवथीच्या खोलीत, जिथे गणपती बसतो त्याच्या मागच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. दरवर्षी चवथीच्या आधी बाबा खरवडतात, पुट्टी भरतात, प्लास्टिक पेंटचा नवा हात देतात. दरवर्षी माटोळी उतरवायच्या आत पोपडे सुटतात. "जुनं घर, चालायचंच," असं म्हणायची सवय झाली होती. आजीला मात्र ते लागायचं. तिच्या सासऱ्यांच्या काळात ही भिंत कोरडी होती, असं ती सांगायची आणि आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

प्रयोगानंतर घरी गेले आणि पहिल्यांदा ती भिंत नीट बघितली. ओल वरून येत नव्हती. आडवी, नागमोडी रेघ, कमरेच्या उंचीवर, वर लोणा. पाच फ्लॅट्सवर मी हीच रेघ केली होती. म्हणजे पाणी खालून येत होतं. पण आधी येत नव्हतं आणि आता येतंय, असं का?

बाहेर जाऊन बघितलं. काही वर्षांपूर्वी गाडी लावायला म्हणून अंगणात भर घालून पेव्हर बसवले होते. त्यामुळे अंगण जोत्याच्या वर आलं होतं. पावसाचं पाणी भिंतीपाशीच थांबत होतं आणि जांभा ते निवांत पीत होता. आतून प्लास्टिक पेंटने बाहेर पडायची वाटही बंद. चुन्याच्या भिंतीतून ओल हळूहळू उडून जाऊ शकते, प्लास्टिक पेंटचा थर तिला अडवतो. अडलेलं पाणी आणखी वर चढतं. आम्ही दरवर्षी डागावर रंग मारत होतो आणि डाग दरवर्षी थोडा वर सरकत होता.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाटकात एक भिंत रंगवलीस म्हणून गवंडी झालीस काय?" पण गवंड्यानेही येऊन तेच सांगितलं. मे महिन्यात भिंतीलगतचे पेव्हर काढले, माती जोत्याच्या खाली नेली, पाणी जायला उताराचं गटार केलं. आतून कमरेपर्यंत प्लास्टिक पेंट खरवडून चुना दिला.

ओल एका पावसात पूर्ण गेली असं म्हणणार नाही. कित्येक वर्षं प्यायलेलं पाणी एवढ्यात सुकत नाही. पण यंदाच्या चवथीला रेघ कमरेवरून गुडघ्यावर आली होती, आणि विसर्जनापर्यंत एकही पोपडा पडला नाही. आजी भिंतीला हात लावून बसली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या नाटकातल्या भिंतीला शेवाळ बरं होतं हां, पण खाली लाल कमी पडलं. पावसात तेवढ्याने भागत नाही."

तेव्हा यंदाच्या मंडळींनो, बाटल्या हॉलच्या मागच्या स्टोअरमध्ये निळ्या खोक्यात आहेत. दोन चांगल्या आहेत, तिसरीची स्प्रिंग गंजली आहे, वापरून झाल्यावर साधं पाणी सोडून धुवा म्हणजे उरलेल्या दोघींचं तसं होणार नाही. फ्लॅट्स वापरा, त्यावर नवा हात द्या, हवं ते करा. फक्त पहिला फवारा मारण्याआधी संहिता एकदा महिन्यासकट वाचा, आणि पाणी कुठून येतं ते ठरवा. लाल जरा जास्त घाला, आजीने सांगितलंय.